पाणी कोमट, पण ऋतू कोणता?

मे महिना उजाडला की रत्नागिरीच्या घराघरांत पाहुण्यांची गर्दी सुरू होते. मुंबई-पुण्याची भाचरे येतात, आंब्याच्या पेट्या उघडल्या जातात आणि ऊन कलते न कलते तोच मुलांचा घोशा सुरू होतो, "समुद्रावर चला!" कधी भाट्ये, कधी मांडवी, कधी पांढरा समुद्र, नाहीतर गाडी काढून आरे-वारे आणि गणपतीपुळे. पूर्वी हा हट्ट वाळूचे किल्ले आणि भेळ एवढ्यावर भागत असे. आता मुलांनी लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभी राहणारी माणसे टीव्हीवर आणि मोबाईलवर पाहिलेली असतात. "आई, मला सर्फिंग शिकायचंय!" अशी मागणी आता मुलगेच नव्हे, मुलीही करतात.

अशा वेळी आपण काय करतो? साडी जरा वर धरून पाण्यात पाय बुडवून बघतो. "अगंबाई, छान कोमट आहे की! जा, पण लांब जाऊ नका हं."

बाळाच्या अंघोळीचे पाणी कोपराने बघावे, तशी ही आपली परीक्षा. बादलीतल्या पाण्यापुरती ती अगदी योग्य. पण समुद्राच्या बाबतीत तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. कारण आपल्या कोकणचा समुद्र बाराही महिने कोमटच असतो. जानेवारीत कोमट, मे महिन्यात कोमट आणि माणसे गिळणाऱ्या जुलैतसुद्धा कोमट! पाण्याच्या उबेवरून तो कधी "ये" म्हणतो आणि कधी "येऊ नको" म्हणतो, हे कळत नाही. ते कशावरून कळते, ते आज पाहू या.

जिथे थंडीच पहारा करते

आधी थोडे परदेशात डोकावू. आपल्यापैकी अनेकींची लेक किंवा सून कॅलिफोर्नियात असते. तिकडून फोटो येतात, तेव्हा समुद्रातली माणसे नखशिखान्त काळ्या रबरी पोशाखात दिसतात. "एवढं ऊन पडलंय आणि हे काय घातलंय?" असे आपल्याला वाटते. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्याला समुद्राचे तपमान वर्षभर साधारण ११ ते १५ अंश सेल्सिअस एवढेच असते. तिथे उत्तरेकडून थंड प्रवाह येतो आणि वाऱ्यामुळे समुद्राच्या तळचे गार पाणी वर येते. म्हणून ऐन उन्हाळ्यातही पाण्यात पाय घालवत नाही. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलला लोक हौसेने सर्फिंग करतात, पण तिथे हिवाळ्यात पाणी ९-१० अंशांवर येते आणि उन्हाळ्यात जेमतेम १६-१७ अंशांपर्यंत चढते.

हवेपेक्षा पाणी शरीरातली ऊब कितीतरी पट वेगाने ओढून घेते. तपमान १५ अंशांच्या खाली असेल, तर अचानक पाण्यात पडणाऱ्याला पहिल्या मिनिटातच धाप लागते, श्वासावर ताबा राहत नाही आणि नाकातोंडात पाणी जाते. पुढे हातपाय बधिर होतात. पट्टीचा पोहणारासुद्धा अशा पाण्यात लवकर थकतो.

यावर उपाय निघाला तो १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला. कॅलिफोर्निया विद्यापीठातले पदार्थवैज्ञानिक ह्यू ब्रॅडनर यांनी फुगीर रबराचा पोशाख तयार केला. त्यालाच वेटसूट म्हणतात. थंडीच्या दिवसांत विरजण लागावे म्हणून आपण दह्याचे भांडे जाड फडक्यात गुंडाळून ठेवतो ना, तसाच हा प्रकार. रबरातले हवेचे बारीक बुडबुडे ऊब बाहेर जाऊ देत नाहीत आणि अंगाला चिकटलेला पाण्याचा पातळ थर अंगाच्याच उष्णतेने कोमट राहतो. जसे पाणी, तशी पोशाखाची जाडी. २० अंशांच्या वर दोन मिलिमीटर पुरते. १५-१६ अंशांना तीन-चार लागते. १० अंशांच्या आसपास पाच मिलिमीटरचा पोशाख, शिवाय पायमोजे, हातमोजे आणि टोपीसुद्धा!

म्हणजे त्या देशांत थंडी हीच पहारेकरीण. पोशाख नाही तर पाण्यात जाणे नाही. मुलाला आईने "नको" म्हणायच्या आधी समुद्रच "नको" म्हणतो.

जिथे ऊबच ऊब

सर्फिंगचे माहेर मात्र उबदार पाण्यातले. पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर समुद्र वर्षभर २४ ते २७ अंशांचा. तिथे हा खेळ शेकडो वर्षांचा जुना आहे आणि तो केवळ पुरुषांचा नव्हता, बरं का! राजघराण्यातल्या स्त्रियाही फळ्या घेऊन लाटांवर स्वार होत. तिथले ड्यूक काहानामोकू यांनी १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. पुढे ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ त्यांनी सर्फिंगची प्रात्यक्षिके केली. १९१५ साली अशाच एका प्रात्यक्षिकात इझाबेल लेथम ही पंधरा वर्षांची मुलगी त्यांच्या फळीवर उभी राहिली. ऑस्ट्रेलियात या खेळाची चर्चा निघाली की तिचे नाव आजही घेतले जाते. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, सर्फिंगचा ऑलिंपिकमध्ये प्रथमच समावेश झाला, आणि तोही स्त्रिया आणि पुरुष दोघांसाठी.

आपल्याकडेही हे वारे पोचले आहे. मुंबईत वाढलेली इशिता मालवीय मणिपालला शिकत असताना २००७च्या सुमारास सर्फिंग शिकली. तिने तुषार पथियन याच्याबरोबर कर्नाटकातल्या कोडी बेंग्रे या मच्छीमारांच्या गावी सर्फिंगचा क्लब काढला. भारतातली पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून आज तिचे नाव घेतात. कर्नाटकातच मुल्की येथे आणि गोव्यातही शिकवणारे वर्ग आहेत. २०१६ साली मंगळूरजवळच्या ससिहित्लू किनाऱ्यावर राष्ट्रीय पातळीची स्पर्धा भरली. तेव्हा मुलीने हा हट्ट धरला, तर "हे काय भलतंच!" असे म्हणायचे कारण नाही.

उबदार पाण्यात जाड पोशाख लागत नाही. उन्हापासून वाचवणारा लांब बाह्यांचा, अंगाला बसणारा सदरा पुरतो. फळीवरून पाय घसरू नये म्हणून वरून मेण घासतात, तेसुद्धा पाण्याच्या तपमानाप्रमाणे निवडावे लागते. आपले खोबरेल तेल पाहा ना! थंडीत बाटलीत गोठून बसते आणि उन्हाळ्यात पाण्यासारखे वाहते. थंड पाण्यासाठी केलेले मऊ मेण आपल्या समुद्रात वितळून जाईल, म्हणून इकडे कडक मेण लागते.

आपल्या समुद्राचे वर्ष

आता रत्नागिरीकडे येऊ. आपल्या समुद्राचा उन्हाळा-हिवाळा जमिनीसारखा नाही. वर्षातून एकदा नव्हे, दोनदा तो तापतो.

जानेवारी-फेब्रुवारीत पाणी सर्वांत गार, म्हणजे साधारण २५-२६ अंश. पहाटे बाहेरच्या हवेपेक्षा पाणीच उबदार लागते आणि बाहेर आल्यावर वाऱ्याने हुडहुडी भरते. या दिवसांत लाटा लहान असतात, बहुधा मीटरभर किंवा त्याहून कमी. क्वचित इराणच्या आखाताकडच्या 'शमाल' वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा वायव्येकडून येतात, पण एकूण समुद्र शहाण्यासारखा वागतो.

मार्चपासून पाणी तापू लागते आणि मे महिन्यात ३० अंशांपर्यंत पोचते. आकाश निरभ्र, वारा बेताचा, आणि तरी कधी कधी मोठमोठ्या लाटा लागोपाठ किनाऱ्यावर आदळतात. या लाटा इथल्या नव्हेत. दक्षिणेकडे हजारो किलोमीटरवर, हिंदी महासागराच्या टोकाला वादळे होतात. तिथे उठलेली लाट काही दिवसांनी आपल्या दाराशी येते. हैदराबादची 'इन्कॉइस' ही केंद्र सरकारची संस्था अशा लाटांचे इशारे देते. ते वर्तमानपत्रांतून आणि मोबाईलवरून सहज मिळतात. मुले सुट्टीवर असतात ती याच महिन्यात, हे विसरू नये.

मग येते आगोट. होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, घराघरांत मिरच्या-मसाले, सुके बोंबील, सोडे यांची बेगमी होते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. ढगांनी ऊन अडते आणि वाऱ्याने समुद्र ढवळून निघतो, त्यामुळे पाणी थोडे उतरते. पण उतरून उतरून किती? २७-२८ अंश! म्हणजे अजूनही कोमटच. आणि लाटा? खुल्या समुद्रात तीन-चार मीटरच्या. मिऱ्याच्या आणि पांढऱ्या समुद्राच्या बाजूने किनारा किती खचला आणि तिथे केवढा बंधारा घालावा लागला, हे रत्नागिरीकर जाणतातच. दगडांचे जिथे हे हाल, तिथे माणसाच्या पायांची काय कथा!

नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करतात, म्हणजे एका परीने दार उघडते. तरी लाटांचा जोर सप्टेंबरात हळूहळू ओसरतो. ऑक्टोबरमध्ये जमिनीवर ऊन्ह चढते, तसा समुद्रही दुसऱ्यांदा तापून २९ अंशांच्या आसपास जातो. डिसेंबरपासून तो पुन्हा निवू लागतो.

हे दोन तापण्याचे काळ लक्षात ठेवा. चक्रीवादळाला उबदार पाण्याचे खाद्य लागते. २६-२७ अंशांच्या खाली ते सहसा वाढत नाही. म्हणूनच आपली वादळे पावसाळ्याच्या तोंडाशी, नाहीतर पावसाळा सरल्यावर येतात. नोव्हेंबर २००९ मधले 'फयान', ऑक्टोबर २०१९ मधले 'क्यार', जून २०२० मधले 'निसर्ग', मे २०२१ मधले 'तौक्ते' यांच्या तारखाच पाहा. १९५१ ते २०१५ या काळात हिंदी महासागराचे उष्ण पट्ट्यातले पाणी सरासरी एक अंशाने तापले आहे, असे शास्त्रज्ञ सांगतात. एक अंश म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण आपल्या अंगात एक अंश ताप चढला तर आपण काय म्हणतो?

सकाळचा वारा, दुपारचा वारा

तपमानाचा आणखी एक खेळ रोज चालतो. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, आठवते? रात्री जमीन लवकर निवते आणि समुद्र उबदार राहतो. म्हणून पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे. येणाऱ्या लाटेला ते समोरून हलकेच थोपटतात, तिचा तोंडवळा गुळगुळीत करतात. दुपारी जमीन तापली की उलटे खारे वारे सुटतात आणि समुद्र चुळबुळू लागतो. म्हणून सर्फिंग शिकणारी माणसे पहाटे उठतात. एरवी आठ वाजेपर्यंत लोळणारी कार्टी पाच वाजता उठली, तर हा फायदा काही लहान नाही!

ऊन्ह टाळण्यासाठीही सकाळच बरी. मांडवीची काळी वाळू दुपारी तव्यासारखी तापते, अनवाणी मुलांचे तळवे चांगलेच भाजतात.

शिकायचे, तर आपल्याकडे नोव्हेंबर ते मार्च हा काळ नवख्यांना सर्वांत चांगला. लाटा लहान असल्या म्हणून कमीपणा नाही. कमरेएवढ्या पाण्यातल्या फेसाळ लाटेवरच पहिले धडे गिरवायचे असतात. एप्रिल-मे मध्ये लाटांचा अंदाज घेऊन आणि शिकवणाऱ्याबरोबरच जावे. जून ते सप्टेंबर मात्र साफ नाही. किनाऱ्यावरच्या जलक्रीडाही पावसाळ्यात बंद ठेवतात, त्या उगीच नव्हे.

फसवी शांत जागा

जुलै २०२५ मध्ये आरे-वारेच्या किनाऱ्यावर एकाच कुटुंबातली चार माणसे बुडाली. गणपतीपुळ्यालाही देवदर्शनाला आलेली माणसे पाण्यात गेली आणि परतली नाहीत, असे अनेकदा घडले आहे. पाणी थंड असते तर ती कदाचित पाण्यात शिरलीही नसती.

लाटांबरोबर किनाऱ्यावर चढलेले पाणी कुठून तरी परत जाणारच. ते एखाद्या चिंचोळ्या वाटेने जोराने आत जाते. त्या वाटेवर लाटा फुटत नाहीत. दोन्हीकडे पांढरा फेस आणि मधे गडदसर, शांत पट्टा दिसतो. आणि आपण काय करतो? "इथे लाटा नाहीत, इथे मुलांना खेळू दे," असे म्हणून नेमके तिथेच त्यांना सोडतो! ही जागा ओळखायला शिका. किनाऱ्यावर दहा मिनिटे नुसते उभे राहून पाणी पाहिले, तरी ती नजरेत भरते.

ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नये. दम संपतो आणि माणूस बुडतो. हात वर करून मदत मागावी, तरंगत राहावे आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, म्हणजे आडवे पोहून ओढीच्या बाहेर यावे. ही ओढ पट्ट्याएवढीच रुंद असते.

कॅलेंडरवरून भरती-ओहोटी

आपल्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कॅलेंडर असते. दूध, गॅस, संकष्टी सगळे त्यावर. भरतीची वेळही त्यावरूनच काढता येते. तिथीची पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीचा अंदाज मिळतो. चतुर्थीला चारचे पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. वद्य पक्षातही तिथी पुन्हा एकपासून मोजायची. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होते, पण अंदाजाला पुरते.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी जास्त चढते, जास्त उतरते आणि जोरात पळते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा पाण्याची ये-जा मंद. मुलांना न्यायचे तर हे दिवस बरे. ओहोटी लागलेली असताना पाण्याची ओढ बाहेर असते, तेव्हा खोल शिरू नये.

समुद्रावर जाताना

१. प्रथम तिथल्या कोळ्याला नाहीतर जीवरक्षकाला विचारा. "आज पाणी कसं आहे?" हा प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही. त्यांनी "नको" म्हटले तर तो शब्द शेवटचा.

२. ओली पाचवारी किंवा ओढणी लाटेत पायांत गुंडाळते आणि दगडासारखी जड होते. पाण्यात उतरायचे असेल तर सुटसुटीत कपडे घाला. लाजण्यापेक्षा जीव मोलाचा.

३. पाणी कोमट असले तरी मुलांचे अंग लवकर निवते. ओठ निळसर दिसू लागले, दात वाजू लागले की मुलाला बाहेर काढा, अंग कोरडे करा, काहीतरी गरम प्यायला द्या.

४. पाण्यात घाम आल्याचे कळत नाही. कोकम सरबत किंवा साधे पाणी बरोबर ठेवा. परतल्यावर गोड्या पाण्याने अंघोळ घाला, नाहीतर मिठाने आणि वाळूने मांड्या-काखा सोलवटतात.

५. कोणी बुडताना दिसले तर एकामागून एक उड्या घालू नका. एकाच्या जागी चार जातात. दोर, हवा भरलेली ट्यूब, झाकण घट्ट लावलेला तेलाचा रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेकावे. ११२ क्रमांकावर फोन करावा, रुग्णवाहिकेसाठी १०८.

६. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे धरून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. श्वास नसेल तर तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे लगेच सुरू करावे. हे घरातल्या एकीने तरी शिकून घ्यावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पोहणे शिका. मुलांना शिकवा, त्यातही मुलींना आवर्जून. समुद्राच्या गावात राहून आपल्यातल्या किती जणींना पोहता येते? किनाऱ्यावर चपला आणि पर्स सांभाळत उभी राहणारी आई मुलाला हाक मारू शकते, पण त्याच्यापर्यंत पोचू शकत नाही. तरणतलावात जाऊन चाळिशीत पोहायला शिकणाऱ्या बायका आहेत. आपण का नाही?

लेकीला सर्फिंग शिकायचे आहे ना? खुशाल शिकू द्या. फक्त तिला आधी तलावात पोहायला घाला, ऋतू निवडा, चांगला शिकवणारा शोधा आणि कॅलेंडरवरची तिथी पाहून तिला सकाळी सकाळी घेऊन जा. पाण्यात पाय बुडवून बघण्याची हौस असेल तर तीही भागवा. पाणी कोमटच लागेल. पण "जा" म्हणायच्या आधी एकदा मान वर करून लाटांकडे नीट बघा.